बिनविरोध

रविवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचतात, तेव्हा प्रत्येक प्रार्थनेनंतर सगळं देऊळ एका आवाजात म्हणतं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." त्या एका आवाजात पप्पांचा आवाज नेहमी किंचित मागून यायचा. फार नाही, अर्ध्या श्वासाएवढा. बाकीचे 'ऐक'वर पोहोचलेले असत आणि पप्पा अजून 'प्रार्थना'वर असत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. पुढे रसायनशास्त्र शिकले, मोजण्याची सवय लागली, तेव्हा लक्षात आलं की हा उशीर दर वेळी सारखा नसतो. प्रार्थना आजाऱ्यांसाठी असेल तर कमी, जगातल्या शांततेसाठी असेल तर जास्त. पप्पा आधी वाक्य ऐकत, ते आपल्याला पटतंय का बघत, आणि मगच देवाला ऐकायला सांगत.

त्या रविवारी पप्पांचा आवाज सगळ्यांच्या बरोबर आला. किंबहुना किंचित आधीच.

ऑक्टोबर होता, उकाडा होता. सालोडे गावच्या आमच्या देवळात (वसईकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) पंखे गरगर फिरत होते आणि वारा कोणालाच लागत नव्हता. वाचनपीठावर कॉलेजातली एक मुलगी प्रार्थना वाचत होती. पोपसाहेबांसाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली, परीक्षेला बसलेल्यांसाठी झाली. मग त्याच सुरात तिने पुढची वाचली :

"आपल्या गावाच्या सेवेसाठी पुढे आलेली आपली भगिनी सिसिलिया बस्त्याव रुमाव हिला येत्या निवडणुकीत यश मिळावं, आणि बावखलाच्या जागेवर आपल्या सर्वांच्या हक्काचा हॉल लवकर उभा राहावा, म्हणून आपण प्रार्थना करू या."

आणि सगळं देऊळ, गायनमंडळासकट, वेदीवरच्या फादर अँसेल्मसकट, मोठ्या भक्तिभावाने म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

मीही म्हणाले. तोंडाला सवय असते.

मग तिसऱ्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. फादर अँसेल्मनी मिटलेले डोळे उघडले, मुलीकडे पाहिलं, मुलीने कागदाकडे पाहिलं, आणि पुढची प्रार्थना वाचायची की नाही हे न कळून ती तशीच उभी राहिली.

सिसिलिया ही माझी मामी. बस्त्यावमामा आईचा धाकटा भाऊ. आमचा वॉर्ड त्या वर्षी बायकांसाठी राखीव झाला, म्हणून मामाने मामीचा अर्ज भरला होता. दुसरा कोणाचाच अर्ज नव्हता. सोमवारी दुपारी तीनला मुदत संपली की मामी ग्रामपंचायतीवर बिनविरोध जाणार होती, आणि तिच्यामागून मामा.

दुसरा अर्ज कोणी भरावा याबद्दल गावातल्या बायकांचं म्हणणं ठाम होतं. तो मी भरावा.

देवळाबाहेर आंब्याखाली मामा पांढराशुभ्र शर्ट घालून लोकांशी हात मिळवत होता. घरात लग्न असल्यासारखा.

"काय भावोजी," पप्पांना बघून तो ओरडला, "आता तर वरूनच पाठिंबा आला!"

"बस्त्याव," गर्दीतून कोणीतरी विचारलं, "देवाचं नाव आपल्या वॉर्डाच्या यादीत आहे का ते बघ रे आधी."

"सर्वव्यापी आहे तो! कुठल्याही वॉर्डात चालतो!"

सगळे हसले. मामा बोलायला लागला की लोक हसायचेच. मलाही हसू आलं. मामी मात्र त्याच्यामागे डोक्यावरची ओढणी गालापर्यंत ओढून उभी होती, भर उन्हात थंडी वाजत असल्यासारखी.

पप्पा हसले नाहीत. ते उपासना समितीचे प्रमुख होते, म्हणजे रविवारच्या प्रार्थना त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाचनपीठावर जायच्या नाहीत. फादर अँसेल्मनी त्यांना वस्त्रागारात बोलावलं. मी दाराशी थांबले. फादर तरुण होते, आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि अंगावरचा झगा उतरवता उतरवता ते त्यातच अडकले होते.

"इनास अंकल, हे काय झालं?" आवाज झग्याच्या आतून येत होता. "धर्माच्या नावाने प्रचार! निवडणूक अधिकाऱ्याला कळलं तर मी आत जाईन. बिशपांना कळलं तर त्याच्याही आधी जाईन."

"चूक झाली खरी," पप्पा म्हणाले.

"आणि मी स्वतः म्हणालो हो! हात जोडून!" फादरांचं डोकं बाहेर आलं. केस उभे राहिले होते. "पुढच्या रविवारी खुलासा वाचायला लागेल. तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कोण लिहिणार? स्वच्छ लिहा, की ती प्रार्थना अयोग्य होती आणि ती कोणी घातली."

"बघतो," पप्पा म्हणाले. "विचार करतो."

पप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, पण गावात त्यांची ओळख वाचणारा माणूस अशी होती. पॅरिशच्या, म्हणजे देवळाच्या, मासिकात ते दर महिन्याला 'प्रापंचिकाचं पान' लिहायचे. धर्मगुरू नसलेल्या, संसारी ख्रिस्ती माणसाला आमच्याकडे प्रापंचिक म्हणतात. प्रापंचिकाने काय वाचावं, मुलांना मराठी शाळेत का घालावं, शेजारच्या गणपतीला कोणत्या भावनेने जावं, सगळं त्या पानात असायचं. राजकारण घाणेरडं आहे म्हणून नाक मुरडणारा ख्रिस्ती अर्धाच ख्रिस्ती, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं, आणि ते कापून लोकांनी फ्रीजवर चिकटवलं होतं. पण अमुक माणसाला मत द्यावं की देऊ नये, असं कोणी विचारलं की पप्पा म्हणायचे, विचार करतो. ते खोटं नव्हतं. ते खरोखर विचार करायचे. निवडणूक होऊन जायची आणि पप्पांचा विचार चालूच असायचा.

फाटकाशी ओलिंदाकाकी उभी होती. ती महिला मंडळ चालवायची, तिची मोगऱ्याची वाडी होती आणि मोगरा सोडून बाकी सगळ्यांशी ती दरडावूनच बोलायची.

"ऐकलंस ना आज? आता तरी जागी होशील का, जसू?"

"काकी..."

"कागद सगळे तयार आहेत. सूचक मी आहे. तुझी सही तेवढी हवी. उद्या तीनला खिडकी बंद होते. मग बस तुझ्या बाटल्या घेऊन."

"विचार करते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग वस्त्रागारातून बाहेर पडणाऱ्या पप्पांकडे.

"शोभतेस," ती म्हणाली. "अगदी इनासची मुलगी शोभतेस." आणि सायकल ढकलत निघून गेली.

बाटल्यांचं तिचं म्हणणं खरं होतं. मी बोईसरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, आणि हौस म्हणून गावच्या विहिरींचं पाणी तपासायची. बावखल म्हणजे आमच्या भागातलं गोड्या पाण्याचं तळं. जुन्या लोकांनी ती खणून ठेवली आहेत. पावसाचं पाणी त्यात साठतं, खाली मुरतं, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरी गोड राहतात. पलीकडच्या आळीने आपलं बावखल बुजवून त्यावर बंगले बांधले होते. पाण्यातला क्षार मोजायचा तर फ्लास्कमधलं पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत वरून ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून रसायन थेंब थेंब सोडत राहायचं. आमच्या विहिरीच्या पाण्याला थोडे थेंब पुरायचे. पलीकडच्या आळीच्या पाण्याला ब्युरेट पुन्हा भरावं लागायचं. इतकं साधं होतं ते. हॉल बांधायला आमचं बावखल बुजवलं, तर काही वर्षांत आमची केळी, आमचा मोगरा, ओलिंदाकाकीचा दरडावणारा आवाज, सगळं खारट होणार होतं.

हे मला ठाऊक होतं. चार माणसांसमोर उभं राहून सांगता येत नव्हतं. प्रयोगशाळेत माझ्या टेबलाला सगळे 'मौनव्रत' म्हणायचे. शिवाय समोर मामा होता. पोहायला मला मामानेच शिकवलं होतं, पोटाखाली हात धरून, त्याच बावखलात.

रविवारी मिस्सानंतर मामा-मामी आमच्याकडे जेवायला असत. आई लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही पद्धत. त्या रविवारीही ते आले. प्रार्थनेचा विषय कोणी काढायचा नाही असं आईने इंद्यालाचं भांडं मधे ठेवता ठेवता सगळ्यांना डोळ्यांनी सांगितलं.

मामाने पहिल्याच घासाला काढला.

"रेजिना, डुकराचं मांस आज काय शिजलंय! प्रार्थनेचा गुण!"

"प्रार्थनेचा नाही, व्हिनेगरचा," आई म्हणाली. "गप जेव."

"भावोजी, खरं सांगा. वाईट काय होतं त्यात? पावसासाठी आपण प्रार्थना करतो. परीक्षेसाठी करतो. निवडणूक ही पण परीक्षाच."

"परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांसाठी करतो," मी म्हणाले. "एकाच मुलाचं नाव घेत नाही."

"पण बसलंय कोण दुसरं?" मामाने भाकरीचा तुकडा माझ्याकडे रोखला. "एकच पोरगी परीक्षेला बसली, तर पहिला नंबर तिचाच. तुझी मामी."

मामीने घास गिळला नाही, नुसता तोंडात धरून ठेवला.

"आणि बावखल?" मी विचारलं.

"अगं, डासांचं आगर झालंय ते. पोरं दारू प्यायला बसतात काठावर. तिथे हॉल झाला की आपल्या लोकांची लग्नं आपल्या गावात होतील. तुझंच पहिलं लावू. वर कौलं, खाली पार्किंग." मामाचे स्वतःचे दोन डंपर होते, त्यामुळे मातीच्या भरावाविषयीचा त्याचा उत्साह समजण्यासारखा होता. पण तो नुसता डंपरसाठी बोलत नव्हता. हॉल त्याला खरंच दिसत होता, झुंबरासकट. "भावोजी, तुम्ही तरी सांगा हिला. तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

पप्पांनी पाण्याचा पेला उचलला.

"प्रश्न बाजूचा नाही, बस्त्याव. प्रापंचिकाने सत्तेकडे बघायचं कसं, हा प्रश्न आहे. म्हणजे एकीकडे समाजाची गरज. ती आहेच. दुसरीकडे सृष्टी ही आपल्याला सांभाळायला दिलेली..."

"म्हणजे हॉल बांधू?"

"असं एकदम म्हणता येणार नाही."

"मग नको बांधू?"

"तसंही नाही."

"हे बघ जसू," मामा खूश होऊन म्हणाला, "एवढं वाचलेला माणूस नाही म्हणत नाही. मग मी अडाणी कशाला नाही म्हणू?"

आई उठून भात आणायला आत गेली. मी भांडी उचलून मागोमाग गेले, आणि माझ्या मागोमाग मामी आली. तिने तोंडातला घास एकदाचा गिळला आणि माझा दंड धरला.

"जसू, तू उभी राहा गं."

"मामी, तुमच्या विरोधात?"

"माझ्याच विरोधात. तू उभी राहिलीस म्हणजे मी पडेन तरी." ती कुजबुजत होती, पण कुजबुजण्यात रडकुंडी होती. "परवा यांनी मला आरशासमोर भाषण करायला लावलं. 'माझ्या बंधू-भगिनींनो' म्हटलं आणि पुढचं सगळं गेलं. आरशातली बाई मला बघून घाबरली. मला नाही गं सभेला बसायचं."

"मग मामाला सांगा ना."

"त्यांना सांगून कोणी ऐकलंय? ते म्हणतात, तू फक्त सही कर. सही करायची म्हणजे वाचायला नको का? मी वाचते. वाचलं की मला झोप लागत नाही."

आई भाताचं भांडं घेऊन आमच्यामध्ये उभी होती. तिने एकही शब्द ऐकला नसल्यासारखा चेहरा केला.

"भात निवतोय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता : "माझ्या भावाचं काय होईल त्याची काळजी तुम्ही दोघं बापलेक करत बसू नका. लहानपणापासून तो पडतो आणि उठतो. रविवारी जेवायला येणारच आहे. त्याला दुसरीकडे असं इंद्याल कोण घालणार?"

जेवणं झाली. मामा ओटीवरच्या झोपाळ्यावर घोरायला लागला. पप्पा खुलासा लिहायला बसले.

पप्पांची खोली म्हणजे पुस्तकांची खोली. मी संगणकावर बसायची आणि ते येरझाऱ्या घालत सांगायचे, अशी मासिकाच्या पानाची आमची रीत होती. पहिला मसुदा पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांपासून सुरू झाला आणि रोमन सम्राटापाशी संपला. दुसऱ्यात प्रार्थना म्हणजे काय याचं सुंदर विवेचन होतं. तिसऱ्यात चूक झाली असं होतं, पण ती चूक आपल्या सर्वांची, व्यापक अर्थाने सबंध समाजाची, असं होतं. चौथ्यात मामाचं नाव आलं, आणि त्याच्या पाठोपाठ मामाच्या समाजसेवेविषयी दोन परिच्छेद आले.

"पप्पा, यात ती प्रार्थना कोणती हेच राहिलं."

"असं?" ते मागे येऊन पडद्याकडे बघू लागले. "हो की."

बाहेर मामाचं घोरणं एका लयीत चाललं होतं. मी हात कळफलकावरून काढले.

"पप्पा, एक विचारू? आज तुम्ही उत्तर वेळेवर दिलंत."

"कसलं उत्तर?"

"त्या प्रार्थनेला. एरवी तुम्ही मागून येता. आज सगळ्यांच्या आधी आलात."

त्यांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, तो हातातच होता.

"तुला ते ऐकू येतं?"

"लहानपणापासून."

ते खुर्चीवर बसले. खुर्चीवर पुस्तकं होती, त्यांच्यासकट बसले.

"मी ऐकत असतो म्हणून उशीर होतो," ते म्हणाले. "आज ऐकायचं काही नव्हतं. वाक्य मला पाठ होतं."

मी खुर्ची वळवून ऐकत राहिले. मौनव्रताचा एवढा एक उपयोग असतो.

"काल बस्त्याव आला होता. तू विहिरीवर बाटल्या भरत होतीस. त्याने कागद दाखवला. म्हणाला, उद्याच्या प्रार्थनांत एवढी एक घालू का? मी म्हटलं, विचार करतो. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, विचार करतो. मग तो म्हणाला, भावोजी, तुम्ही नाही म्हणत नाही आहात, म्हणजे हरकत नाही असं समजू का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, चहा घे."

"घेतला?"

"दोन कप."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं, कारण पप्पा हसत नव्हते.

"नाही म्हणायचं होतं तुम्हाला?"

"होतं ना. नाही म्हणायला माझ्याकडे उत्तम कारणं होती. धर्मसभेची, कायद्याची, साध्या शिष्टाचाराची. आणि गप्प बसायलाही होती. तुझी आई. रविवारचं जेवण. तो काही वाईट माणूस नाही." त्यांनी भिंतीवरच्या पुस्तकांकडे हात केला, कोणाची तरी ओळख करून द्यावी तसा. "मी आयुष्यभर वाचलं, जसू. वाचून वाचून मला प्रत्येकाची बाजू समजायला लागली. मला वाटायचं, ही देवाची देणगी आहे. असेलही. पण समोरच्याला त्यातलं काही दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की हा माणूस अडवत नाही. आज सगळं देऊळ न ऐकता 'ऐक' म्हणालं, त्यांचं एक वेळ ठीक आहे. मी ऐकून म्हणालो."

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या. मामा कूस बदलत होता.

त्या आठवड्यात ओलिंदाकाकी मला तीन ठिकाणी भेटली होती. बाजारात, बसस्टॉपवर, आणि आज फाटकाशी. तिन्ही वेळा मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवलं. शब्द तेच होते. नुसते पप्पांचे नव्हे, मामाने ज्यावर दोन कप चहा घेतला तेच.

"पप्पा, मी काय करू?" मी विचारलं. "उभी राहू की नको?"

त्यांनी तोंड उघडलं. ते नेहमीचे दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येताना मला स्पष्ट दिसले. त्यांनी ते गिळले, मामीने घास गिळला होता तसे, कष्टाने.

"हे मला विचारू नकोस," ते म्हणाले. "माझ्याकडून तुला हो मिळणार नाही, नाहीसुद्धा मिळणार नाही, आणि तेवढ्यात उद्याचे तीन वाजतील."

मग ते उठले आणि चौथा मसुदा मला पुसून टाकायला सांगितला. पाचवा त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. तो एवढाच होता : 'गेल्या रविवारी एका उमेदवारासाठी केलेली प्रार्थना अयोग्य होती. ती मला आधी दाखवली होती. मी ती थांबवायला हवी होती, थांबवली नाही. इनास तुस्कानो.' मी टाइप केलं. त्यांनी एकदा वाचलं आणि एकही स्वल्पविराम बदलला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. संध्याकाळी आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापुढे सगळे जमतात, मेणबत्त्या लावतात, माळ म्हणतात, आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. लहान मुलं चण्यांसाठी येतात, मोठी माणसं गप्पांसाठी, आणि म्हाताऱ्या खरोखर माळेसाठी. त्या संध्याकाळी गर्दी जरा जास्तच होती. सकाळच्या प्रार्थनेचं पुढे काय झालं हे सगळ्यांना हवं होतं.

माळ संपली. चण्यांचं पातेलं मामाकडे होतं, कारण चणे त्याचेच होते. तो मुठी भरभरून वाटत होता.

"घ्या, घ्या. बिनविरोधचे चणे आहेत. उद्या पेढे."

"बस्त्याव, अजून उद्याचे तीन वाजायचेत," ओलिंदाकाकी म्हणाली.

"वाजू देत की, काकी. घड्याळाला कोण अडवतंय?"

"मी अडवते." काकीने चणे न घेता हात मागे घेतला आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळली. "जसू, मला आता इथे सांग. उद्या सकाळी माझा मोगरा बाजारात जायचा असतो. तो सोडून तुझ्या अर्जासाठी कचेरीत फुकट खेप घालू की नको?"

सगळी तोंडं एकदम माझ्याकडे वळली. मामी मामाच्या मागून माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. माळ तर संपली होती, म्हणजे ती दुसरंच काही म्हणत असणार. आई चण्यांच्या द्रोणात बोट फिरवत, काही चाललेलंच नाही अशी उभी होती.

"अगं काकी," मामा हसत म्हणाला, "ती इनासभावोजींची मुलगी. ती विचार करेल. पुढच्या निवडणुकीपर्यंत सांगेल तुला."

लोक हसले. पप्पा पुढे झाले. मला वाचवायचं असलं की ते असेच पुढे व्हायचे, लहानपणी शाळेच्या बाईंसमोर व्हायचे तसे.

"असं चारचौघांत नको," ते म्हणाले. "तिला जरा वि..."

तिथेच थांबले. क्रुसाकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे आले.

"नाही. मी बोलत नाही," ते म्हणाले. "तिलाच विचारा."

आता कोणी हसलं नाही. मामाचा हात पातेल्यात तसाच राहिला. मला वाटलं होतं की माझा आवाज निघणारच नाही, किंवा चिरका निघेल. पण प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपण आकडा सांगतो, तसा तो सरळ निघाला. फार मोठा नव्हता. मागच्या बायकांना ऐकायला पुढे सरकावं लागलं, आणि त्या सरकल्या.

"मामा," मी म्हणाले, "बावखल बुजवायचं नाही. मी मामीच्या विरोधात उभी राहते आहे."